राजमार्ग कोणाचा?

१५ मे १९४७ या दिवशी लखनौहून बाराबंकीकडे एक मोटारबस निघाली. अंतर फार तर वीस मैलांचे. रस्ताही जुनाच, एक्क्यांनी आणि बैलगाड्यांनी वर्षानुवर्षे तुडवलेला. परंतु ही बस कोणा खाजगी मालकाची नव्हती. संयुक्त प्रांताच्या सरकारने उतारूंची वाहतूक स्वतःच्या हाती घेतली होती आणि तिचा शुभारंभ या मार्गावर होत होता. देश स्वतंत्र व्हावयास अद्याप तीन महिने अवकाश होता. त्या बसमागची धूळ खाली बसते न बसते तोच एक प्रश्न उभा राहिला. सरकारच जर या रस्त्यावर गाडी चालवू लागले, तर इतरांनी काय करावयाचे? आणि मुळात हा रस्ता आहे तरी कोणाचा?

लखनौ मराठी माणसाला परके नाही. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीने तेथे संगीताचे महाविद्यालय उभे राहिले आणि महाराष्ट्राचे व या नगरीचे स्वरांचे नाते जुळले. ज्या नगरीत रागांचे नियम शिकवले गेले, त्याच नगरीशी रस्त्याच्या नियमांचाही एक बोधप्रद इतिहास निगडित आहे. आज हजरतगंजात किंवा चारबागच्या स्थानकासमोर उभे राहिले, तर दुचाकी वाहनांचा लोंढा थांबता थांबत नाही. शिपायाने हात वर केला की चालकाच्या छातीत धस्स होते. खिशात परवाना असतो, कागदपत्रे असतात, डोक्यावर शिरस्त्राणही असते; तरीही धस्स होते. कायद्याने आपल्यावर कोणती बंधने घातली आहेत हे त्याने अर्धवट ऐकलेले असते, आणि कायद्याने आपल्याला काय दिले आहे हे तर मुळीच ऐकलेले नसते. या भीतीचे मूळ शोधावयाचे तर त्या बाराबंकीच्या बसपासूनच आरंभ केला पाहिजे.

आपल्या भाषेत मोठ्या रस्त्याला राजमार्ग म्हणतात. रस्ता राजाचा, आणि प्रजेने त्यावरून जावयाचे ते राजाच्या कृपेने, अशी समजूत त्या शब्दातच दडली आहे. इंग्रजी अमदानीत मोटार आली तेव्हा तिचे कायदेही काहीसे याच वृत्तीने झाले. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटारींचा कायदा १९१४ साली आला. पुढे १९३९ साली अधिक विस्तृत कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून अमलात आला. चालकाला परवाना हवा, गाडीची नोंदणी हवी, उतारूंची बस चालवावयाची तर त्या मार्गाचा वेगळा परवाना हवा, अशी सारी चौकट त्यात होती. या चौकटीत गैर असे काही नव्हते. परंतु परवाना देणारा हात सरकारचा असल्यामुळे रस्ताही सरकारचाच, असा समज देणाऱ्याचाही झाला आणि घेणाऱ्याचाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारी बससेवा वाढू लागली तसा खाजगी बसमालकांचा मार्ग अरुंद होत चालला. त्यांना परवाने मिळेनात. तेवढ्यात २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि नागरिकाच्या हाती मूलभूत हक्कांचे नवे साधन आले. बसमालकांनी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. मोतीलाल विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. तो पूर्णपीठापुढे चालला. सरकारने व्यवसाय करूच नये असे न्यायालयाने म्हटले नाही. परंतु स्वतःच्या गाड्यांना एक न्याय आणि नागरिकांच्या गाड्यांना दुसरा, असा पक्षपात घटनेच्या समतेच्या तत्त्वात बसत नाही, असे मात्र बजावले.

तेव्हा लखनौच्या विधिमंडळाने वेगळा उपाय योजला. १९५१ साली उत्तर प्रदेश मार्ग परिवहन कायदा मंजूर झाला. एखादा मार्ग सरकारी बससाठी राखून ठेवण्याचा अधिकार या कायद्याने सरकारकडे आला. त्याचा आधार घेऊन बुलंदशहर ते दिल्ली या मार्गावरील खाजगी बसगाड्या बंद करण्याचा प्रयत्न झाला, आणि तेथील बसमालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सगीर अहमद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा तो खटला. ऑक्टोबर १९५४ मध्ये त्याचा निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी लिहिले.

या निकालाचे तात्कालिक महत्त्व बसमालकांपुरते होते. टिकाऊ महत्त्व मात्र रस्त्यावर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकापुरते आहे. न्यायालयाने असे सांगितले, की सार्वजनिक रस्ते जनतेचे असतात. राज्य हे जनतेच्या वतीने त्यांचे विश्वस्त होय. जनतेच्या सुरक्षिततेसाठी आणि सोयीसाठी राज्याने नियम करावेत, परवान्याची अट घालावी, गर्दी आवरावी. विश्वस्ताचे ते कर्तव्यच आहे. परंतु त्या नियमांच्या मर्यादेत राहून रस्त्यावर वाहन चालवणे हा नागरिकाचा हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. विश्वस्त आणि मालक यांतील अंतर कोणत्याही मराठी गृहस्थाला समजावून सांगावयास नको. देवस्थानचा विश्वस्त देवळाची व्यवस्था पाहतो, रांग लावतो, वेळ ठरवतो. म्हणून देव त्याच्या मालकीचा होत नाही.

निकालानंतर सरकार हात बांधून बसले असे नाही. राज्याला एखादा व्यवसाय पूर्णतः स्वतःकडे घेता यावा अशी दुरुस्ती घटनेत १९५१ च्या जूनमध्ये झालीच होती. उत्तर प्रदेशचा कायदा त्या दुरुस्तीच्या आधीचा असल्यामुळे त्याला तिचा आधार मिळू शकला नव्हता. १९५६ साली मोटार कायद्यातही नवे प्रकरण घालण्यात आले आणि मार्गाचे राष्ट्रीयीकरण करावयाचे तर आधी योजना प्रसिद्ध करावी, लोकांच्या हरकती ऐकून घ्याव्यात, असा क्रम त्यात ठरला. अखेरीस बहुतेक मार्ग सरकारकडे गेलेच. बसमालकांच्या धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर ते हरले असेच म्हणावे लागेल. परंतु त्यांच्या भांडणातून जे तत्त्व निष्पन्न झाले ते त्यांच्या गाड्यांपेक्षा अधिक काळ टिकले. रस्त्यावरून कोणाला दूर करावयाचे असेल, तर ते कायद्याने, कारण सांगून आणि म्हणणे ऐकून घेऊनच केले पाहिजे, हा धडा राज्याला त्यातून मिळाला.

त्या काळी रस्त्यावर बसगाड्या होत्या, टांगे होते, सायकली होत्या. मोटारसायकल, म्हणजे मराठी बोलीतली फटफटी, क्वचितच दिसे. मध्यमवर्गीय गृहस्थ स्वतःच्या इंजिनावर फिरू लागला तो स्कूटर आल्यावर. महाराष्ट्राला आकुर्डीची बजाज स्कूटर परिचित आहे. लखनौचाही या इतिहासात वाटा आहे. १९७२ साली केंद्र सरकारने स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन केली. इटलीतील इनोसेंटी कंपनीच्या लॅम्ब्रेटा स्कूटरची यंत्रसामग्री विकत घेऊन ती लखनौजवळ सरोजिनीनगर येथे आणली आणि १९७५ मध्ये उत्पादन सुरू झाले. देशात ही स्कूटर ‘विजय सुपर’ या नावाने विकली जाई. याच कारखान्यातून ‘विक्रम’ ही तीनचाकीही निघाली आणि तिने लखनौच्या गल्ल्यांत आपला जम बसवला. १९९७ मध्ये तेथील दुचाकींचे उत्पादन थांबले आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना गेला, त्याने आणि त्याच्यासारख्या इतरांनी रस्त्यावर आणलेला वर्ग मात्र वाढतच राहिला. बसमालक थोडे होते, संघटित होते, वकील लावू शकत होते. दुचाकीवाला असंख्य आहे, परंतु चौकात उभा असतो तेव्हा तो एकटा असतो.

या नव्या वर्गाचा कायद्याशी पहिला मोठा खटका उडाला तो शिरस्त्राणावरून. १९७७ साली १९३९ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन दुचाकीस्वाराला हेल्मेटची अट घालण्यात आली. डोके आपले, ते फुटले तर दुखणार आपल्याला, मग सरकारला त्याचे काय, असा युक्तिवाद तेव्हापासून आजतागायत ऐकू येतो. पुण्याच्या श्रोत्यांना तर हा वाद घरचाच आहे. आंध्र प्रदेशातील अशाच नियमाला आव्हान देणारा अजय कानू यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९८८ मध्ये त्याचा निकाल लागला. हेल्मेटच्या सक्तीने संचारस्वातंत्र्यावर घाला येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. स्वाराच्या जीविताचे रक्षण करणारा नियम त्याच्या हक्काला बाधक मानता येणार नाही, हे त्या निकालाचे सार होय. सगीर अहमद निकालाने हक्क दिला आणि अजय कानू निकालाने त्याची मर्यादा दाखवली, असे वरवर वाटेल. वस्तुतः दोन्ही निकाल एकच गोष्ट सांगतात. विश्वस्ताने केलेला नियम जनतेच्या हितासाठी असेल तर तो पाळलाच पाहिजे, आणि तसा नसेल तर त्याला जाब विचारता आला पाहिजे.

१९८८ साली नवा मोटार वाहन कायदा झाला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. हेल्मेटची अट त्याच्या १२९ व्या कलमात कायम राहिली. पगडी बांधणाऱ्या शीख स्वारांना तिच्यातून सूट मिळाली. परंतु सामान्य स्वाराने याच कायद्यातील आणखी दोन-तीन कलमे जाणून घ्यावीत अशी आहेत. १३० वे कलम सांगते, की गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर चालकाने परवाना दाखवला पाहिजे. येथे बंधन आहे तसे संरक्षणही आहे: मागणारा गणवेशात असला पाहिजे. हे कागद कागदाच्याच रूपात हवेत असे नाही. २०१८ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवण्यास मान्यता मिळाली. २०६ वे कलम अधिक बोधप्रद आहे. ठराविक प्रसंगी अधिकारी परवाना ताब्यात घेऊ शकतो. परंतु घेतल्यास त्याने तात्पुरती पोचपावती दिली पाहिजे, आणि ती पावती हाती असताना, तीत नमूद केलेल्या मुदतीपर्यंत, चालकाला गाडी चालवता येते. परवाना नसेल किंवा गाडीची नोंदणीच नसेल, तर २०७ व्या कलमाखाली गाडीही अटकावून ठेवता येते. सामान्य किरकोळ अपराधासाठी धावत्या गाडीची किल्ली हिसकावून घेण्याचा उल्लेख मात्र या कलमांत कोठेही सापडत नाही.

दंडाचेही असेच आहे. चौकात भरलेली रक्कम ही कायद्याच्या भाषेत तडजोडीची रक्कम असते. ती स्वीकारण्याचा अधिकार राज्य सरकारने ज्या अधिकाऱ्यांना दिला असेल त्यांनाच असतो, आणि रक्कम दिली की पावती मिळाली पाहिजे. आपला अपराध नाही असे ज्याला वाटते त्याने चौकात वाद घालू नये आणि मुकाट्याने पैसेही देऊ नयेत. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे म्हणणे मांडण्याचा मार्ग त्याला मोकळा असतो. पावतीचा तो लहानसा कागद सरकार आणि नागरिक या दोघांचेही रक्षण करतो. त्याच्याविना दिलेला पैसा खजिन्यात जात नाही, आणि देणाऱ्याला पुढच्या चौकातही तो पुन्हा द्यावा लागतो.

२०१९ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबरपासून दंडाच्या रकमा कडाडल्या. हेल्मेट नसल्यास पूर्वी १०० रुपयांवर सुटका होई, ती रक्कम १,००० झाली, आणि तीन महिने परवाना निलंबित होण्याची तरतूद आली. परवान्याविना गाडी चालवल्यास ५,००० रुपये. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास आणि त्याच्याकडून अपराध घडल्यास पालकाला अथवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास. देशभर गवगवा झाला तो या आकड्यांचा. त्याच दुरुस्तीतील इतर तीन तरतुदींकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पहिली अशी, की ज्या अधिकाऱ्याकडे कायद्याची अंमलबजावणी सोपवली आहे त्यानेच नियम मोडला तर त्याला इतरांच्या दुप्पट दंड. दुसरी अशी, की रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न झाल्यामुळे कोणी मृत्युमुखी पडले अथवा जायबंदी झाले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. तिसरी अशी, की अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी अथवा फौजदारी जबाबदारी येणार नाही, आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर होणार नाही. या तिसऱ्या तरतुदीमागे सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१६ चा आदेश होता. विश्वस्तालाही जाब द्यावा लागतो, हे १९५४ चे तत्त्व या तरतुदींत पुन्हा उमटले आहे.

कायद्याचे खरे मोल मात्र चौकात कळत नाही. ते अपघातानंतर कळते. ज्याने कधी कलमांकडे पाहिले नाही त्याच्या घरच्यांना अशा वेळी ती कलमे शोधावी लागतात. तिऱ्हाइताला झालेल्या इजेसाठी विम्याची सक्ती १९३९ च्याच कायद्यात होती, ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. १९८२ साली एक फार माणुसकीची तरतूद आली: चूक कोणाची हे सिद्ध होण्याची वाट न पाहता मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास ठराविक भरपाई द्यावयाची. धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडलेच नाही तर काय, याचाही विचार त्याच वेळी झाला. त्या भरपाईची रक्कम १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये करण्यात आली. मात्र येथेही अज्ञान महागात पडते. केवळ कायद्यापुरत्या, म्हणजे तिऱ्हाइताच्या, विमापत्रात मागे बसलेल्या सोबत्याचा समावेश होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. म्हणजे थोडे पैसे वाचवण्यासाठी ज्याने तेवढेच विमापत्र घेतले, त्याने मागे बसणाऱ्या पत्नीला किंवा आईला त्या संरक्षणाबाहेर ठेवलेले असते, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ताही नसतो.

हक्काची ही कथा एकतर्फी मात्र नाही. तिची दुसरी बाजू लखनौनेच अलीकडे पाहिली. अवधचे स्वतंत्र मुख्य न्यायालय १९४८ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयात विलीन झाले, तेव्हापासून लखनौला त्या न्यायालयाचे खंडपीठ आहे. जुलै २०२१ मध्ये या खंडपीठाने कोणीही अर्ज केलेला नसताना आपण होऊन एका प्रश्नाची दखल घेतली. मोटारसायकलींचे आवाज दाबणारे नळकांडे, म्हणजे सायलेन्सर, बदलून कर्कश आवाज करीत फिरणाऱ्या स्वारांचा तो प्रश्न होता. गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करण्यास १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते. न्यायालयाने हा आवाज ध्वनिप्रदूषण मानून अधिकाऱ्यांकडे कारवाईची विचारणा केली. ज्या न्यायसंस्थेने एके काळी वाहनधारकाला रस्त्याचा हक्क मिळवून दिला, तिनेच आता त्याला आठवण करून दिली, की रस्त्याच्या कडेला घरे आहेत, घरांत आजारी माणसे आहेत, आणि रस्ता त्यांचाही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने ‘हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही’ अशी महिनाभराची मोहीम चालवली, तीही याच जाणिवेतून.

लखनौच्या अदबीची ख्याती देशभर आहे. ‘पहले आप’ म्हणत दोघे सभ्य गृहस्थ दारात अडून राहिले आणि गाडी निघून गेली, हा विनोद सर्वांनी ऐकला आहे. परंतु २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्तानियमांतील चौकाविषयीचा नियम पाहिला तर त्या अदबीचेच कायद्यात रूपांतर झाल्यासारखे वाटते. चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असे तो नियम सांगत असे. या नियमाने एकाच श्वासात दोन गोष्टी निर्माण होतात: उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आणि डावीकडच्याचे कर्तव्य. पुढच्या चौकात भूमिका बदलतात. आज ज्याने वाट दिली त्याला उद्या वाट मिळते. हक्क आणि कर्तव्य ही दोन वेगळी खाती नव्हेत, एकाच वहीच्या दोन बाजू आहेत, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

बाराबंकीच्या त्या पहिल्या बसनंतर पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. बुलंदशहरच्या बसमालकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने दिले, तेही जुने झाले. परंतु जोवर चौकातला स्वार हात वर झालेला पाहून भीतीने गाडी वळवून पळतो, किंवा भीतीनेच पावतीवाचून पैसे काढून देतो, तोवर ते उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचले असे म्हणता येणार नाही. ज्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे, खिशात कागद आहेत आणि मनात कायद्याची ओळख आहे, त्याला पळावे लागत नाही आणि वाकावेही लागत नाही. तो थांबतो, कागद दाखवतो, चुकले असल्यास दंड भरून पावती घेतो, आणि पुढे जातो. राजमार्ग आता राजाचा राहिलेला नाही. परंतु तो आपला आहे असे म्हणण्याचा अधिकार तो सांभाळणाऱ्यालाच शोभतो.